पाव : पायाचा, पावशेराचा की पोर्तुगिजांचा?

तळटीप

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा एकदा तेच ढकलपत्र फिरायला लागलंय. 'बेकरीत पीठ पायाने तुडवतात, म्हणून त्याला पाव म्हणतात. आता ठरवा खायचा की नाही.' खाली हात जोडलेले दोन आणि नाक मुरडणारा एक चेहरा. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या काकांनी लिहिलं, 'छे, लादीतल्या चारांपैकी एक म्हणजे पाव भाग, म्हणून पाव.' तिसरे उत्तरेकडचे. त्यांच्या मते पावशेर वजनाची रोटी ती पावरोटी.

तिन्ही व्युत्पत्त्या ऐकायला झकास आहेत आणि तिन्ही चूक आहेत. लादीत चारच पाव कोणत्या बेकरीत असतात ते मला दाखवावं.

शब्द पोर्तुगीज आहे. लॅटिनमध्ये भाकरी-रोटीला 'पानिस'. त्याचं स्पॅनिशमध्ये पान, इटालियनमध्ये पाने, रुमानियनमध्ये पुइने, फ्रेंचमध्ये नाकातून म्हटलेलं पँ झालं. पोर्तुगिजांनी शेवटचा 'न' पूर्ण गिळला आणि त्याचा नुसता नाकातला सूर ठेवला : पाँव. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला, १५३४ मध्ये वसई. आपल्याकडे पाव आला तो या दोन दारांनी.

माझा मुद्दा जरा पुढचा आहे. मराठीत 'पाव' हे एक अक्षरी वाटावं इतकं लहान रूप, पण त्यात तीन वेगळे शब्द येऊन बसलेत. खायचा पाव पोर्तुगीज. पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद'. आणि 'देवा, आता तरी पाव' मधला पाव 'प्राप्' धातूवरून. तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. ढकलपत्रवाल्यांचा घोटाळा इथेच होतो : दिसायला सारखा म्हणजे सख्खा, असं धरून चालतात.

बाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या गावच्या पावाचं नाव सांगा. बघू किती लांब गेलाय ते.

म्हापशेकर

आमच्याकडे या विषयावर वाद होऊच शकत नाही, कारण पाव विकणाऱ्याचं नावसुद्धा पोर्तुगीज आहे. पदेर. मूळ 'पादैरु', म्हणजे पाव करणारा. सकाळ-संध्याकाळ सायकलवर टोपली बांधून रबरी भोंगा वाजवत येतो. कोणी पोदेर म्हणतं, कोणी पदेर.

आणि गोव्यात 'एक पाव द्या' म्हटलं तर पदेर विचारणार, कसला? उंडो म्हणजे गोल, वरून कडक, मध्ये चीर. पोय म्हणजे कोंड्याची, चपटी, आतून पोकळ, मधुमेहवाल्यांची आवडती. कातऱ्यांचो पाव वेगळा. काकण म्हणजे बांगडीसारखं कडक कडं, चहात बुडवायला. मुंबईचा लादीपाव आमच्या लेखी फारच गरीब प्राणी आहे, कोणी रागावू नये.

गंमत खमिराची. भात पिकवणारा मुलूख, गहू बाहेरून आणायचा, आणि यीस्ट आणणार कुठून? मग माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली. रेंदेर माडावरून सूर काढायचा, ती पिठात घालून पीठ फुगवायचं. सासष्टीतलं माजोर्डे हे या धंद्याचं मूळ गाव म्हणतात, जेझुइट पाद्र्यांनी तिथल्या लोकांना शिकवलं. आता सगळीकडे पाकिटातलं यीस्ट. जुनी माणसं अजून सुरेच्या पावाची आठवण काढून उसासे टाकतात.

कांदेनवमी

धागा छान, पण एक शंका. पायाने पीठ तुडवायचे हे खोटं नाही ना? मोठ्या कणकेला हात पुरत नाहीत. मग लोकांनी ते बघून नाव ठेवलं असेल, यात अशक्य काय आहे?

तळटीप

तुडवायचे, आणि फक्त इथेच नाही, युरोपातही. पण प्रथा खरी असली म्हणून नाव तिच्यावरून पडलं असं होत नाही. श्रीलंकेत पोर्तुगीज १५०५ ला पोचले. तिथे सिंहलीत पावाला 'पान्' म्हणतात, तिथल्या तमिळमध्ये 'पाण्'. आता तमिळमध्ये पाय म्हणजे 'काल्'. तिथल्या माणसाला पाय बघून 'पाण्' का सुचावं? एकाच बोटीतून उतरलेली वस्तू आणि एकाच बोटीतून उतरलेलं नाव, एवढं साधं आहे ते.

ओसाका_मुक्काम

जपानची भर घालतो. इथे पावाला 'पान'च म्हणतात. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज आले, बंदुका आणल्या, तंबाखू आणली, मागोमाग पावही आला. साध्या स्लाइसच्या पावाला शोकुपान म्हणतात. गोड लाल चवळीचं सारण भरलेला तो आनपान. तोक्योच्या गिंझा भागातल्या किमुराया बेकरीने १८७४ मध्ये तो काढला आणि पुढच्या वर्षी ४ एप्रिलला मेइजी सम्राटाला खाऊ घातला.

म्हापशेकरांची सूर वाचून उडालोच. किमुरायालाही यीस्टची तीच अडचण होती. त्यांनी काय केलं, तर तांदळाची दारू, साके, करायला जे विरजण लागतं ते पावात घातलं. गोव्यात माडी, इकडे साके. भातखाऊ देशात पाव फुगवायला दारूवाल्याकडेच जावं लागतं असं दिसतंय.

जपान्यांनी शब्द पुढेही पोचवला. कोरियात पाव म्हणजे 'प्पांग', तो जपानी अमलातून गेला. तैवानच्या होक्कियन बोलीत 'फांग', तोही जपानी वाटेने. म्हणजे पश्चिमेकडून निघालेला लिस्बनचा शब्द पुढे टपाल बदलून गेला.

सगळं_आपलंच

सगळ्यांचं वाचलं. पण तुम्ही लोक मूळ शोधताना लिस्बनपाशीच का थांबता? व्हिएतनाममध्ये 'बान्ह', चीनमध्ये 'बाओ', थायलंडमध्ये 'खनोम पांग', इकडे पान, पाने, पाव. सगळीकडे प-ब आणि शेवटी न किंवा व. एवढा योगायोग? संस्कृतात 'पा' धातू आहे, पालन करणारा, पोषण करणारा. तिथूनच सगळीकडे गेलेला शब्द आहे. पोर्तुगिजांनी आपलाच शब्द आपल्याला परत आणून दिला, इतकंच.

तळटीप

तुमचा निम्मा मुद्दा मी घेतो. लॅटिन 'पानिस'चा संबंध राखणं, चारणं, पोसणं या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी जोडतात आणि आपला 'पाति' म्हणजे रक्षण करतो, तोही त्याच धातूचा मानतात. गोप, भूप यांतला शेवटचा 'प' तोच. पण हे चुलत नातं. दोघांचा पूर्वज एक, तो ना संस्कृत ना लॅटिन, दोघांच्या आधीचा. चुलत भावाला मुलगा म्हणून खपवता येत नाही.

बाकीची यादी मात्र पाडावी लागेल. चिनी 'बाओ' म्हणजे गुंडाळणं, पुडकं. मैद्याच्या गोळ्यात सारण गुंडाळतात म्हणून त्याचं नाव तसं. चिनीत पावाला म्येनबाओ म्हणतात, म्हणजे 'पिठाचं पुडकं', आणि तिथे लिस्बनचा काही संबंध नाही. (पुण्यात एका ठिकाणी 'वडा बाओ' मिळतो, ते पाप वेगळं.) व्हिएतनामी 'बान्ह' फ्रेंच 'पँ'वरून आला असं बरेच जण म्हणतात, पण फ्रेंच यायच्या कितीतरी आधीपासून तिथे तांदळाच्या चौकोनी केकलाही बान्हच म्हणतात. तो शब्द चिनी 'बिंग'च्या घरातला. थाई 'पांग' खरोखर युरोपातून आलेला, फक्त तो पोर्तुगीज की फ्रेंच यावर भांडण आहे.

लहान शब्दांची हीच पंचाईत. दोन ध्वनींचा शब्द घ्या, जगात सहा-सात हजार भाषा आहेत, कुठे ना कुठे जुळणारच. म्हणून एकेकटा शब्द बघायचा नाही. त्याच्या बरोबरीचे शब्द तसेच बदललेत का ते बघायचं.

चिंचपेटी

बरोबरीचे म्हणजे कसे? उदाहरण द्या ना. (प्रश्न भोळा आहे, पण मी बी.कॉम. आहे.)

तळटीप

भोळा नाही, हाच मुख्य प्रश्न आहे.

पोर्तुगिजात 'आँव'ने संपणारे ढीगभर शब्द आहेत. त्यातला दुसरा एक आपल्या रोजच्या वापरात आहे : लिलाव. मूळ 'लेलाँव', त्यांनी तो अरबांकडून घेतलेला. आता जोडी लावा. पाँवचं पाव, लेलाँवचं लिलाव. मराठीने दोन्हीकडे नाकातला सूर टाकला आणि 'आव' ठेवला.

आता तेच दोन शब्द दुसऱ्या भाषांत बघा. हिंदीत लिलावाला नीलाम, गुजरातीत लिलाम, तमिळमध्ये एलम्, मलायात लेलांग. त्यांनी नाकातल्या सुराचा धड म किंवा ङ केला. जपानीने 'न' केला : पाँवचं पान, आणि बटणाला पोर्तुगीज 'बोताँव', त्याचं जपानीत बोतान. प्रत्येक भाषेची मोडतोड वेगळी, पण आपापल्या घरात ठरलेली. पाय किंवा पावशेर यातून हे गणित सुटत नाही.

ओसाका_मुक्काम

याच गणितातला अजून एक! किमोनोच्या आत घालतात त्या सदऱ्याला इथे 'जुबान' म्हणतात. तो पोर्तुगीज 'जिबाँव'वरून. आणि जिबाँव मागे नेला तर अरबी 'जुब्बा'ला पोचतो. आजोबांचा जुब्बा आणि गेइशाचा जुबान एका कापडाचे निघाले.

कोलकात्याची_सून

बंगालीत पावाला पाँउरुटी म्हणतात आणि आमच्याकडे ते लिहिताना पा वर चंद्रबिंदू देतात. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानाच्या पाटीवर बघितला तेव्हा वाटलं की बंगाल्यांना उगीच नाकात बोलायची हौस. आज कळलं की मूळचा सूर यांनीच जपलाय. काही जण चंद्रबिंदू गाळतात, पण सासूबाईंच्या किराणा यादीत तो असतोच असतो. त्यांना हा धागा वाचून दाखवणार आहे, त्या जिंकल्या.

कांदेनवमी

पाय अजून मागे घेत नाही मी. :) पण पाव किलोचं सांगा. तो पायाचाच ना?

पाढेपंतोजी

याला मी उत्तर देतो, माझ्या घरचा विषय. हो, तो पायाचाच. गुरांना पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचा चरणही त्यामुळेच पाद. प्राकृतात मधला 'द' गळला आणि आपल्याकडे पाव उरला.

आणि हा पाव किती ठिकाणी लपलाय बघा. पाऊण म्हणजे पाद-ऊन, एकाला पाव कमी. सवा म्हणजे स-पाद, पावासकट. रुपयाचा चौथा भाग ती पावली, चार आण्यांची. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन, 'औट घटकेचं राज्य' मधला. आमच्या वडिलांना पाऊणकी झोपेतून उठवून विचारली तरी यायची. भाजीवालीला तर आजही येते, फक्त ती तिला पाढा म्हणत नाही. आताच्या पोरांना पॉइंट सेव्हन फाइव्ह म्हटल्याशिवाय पाऊण कळत नाही, यावर मी पूर्वी एक धागा काढून मार खाल्लेला आहे, तेव्हा इथेच थांबतो.

त्यामुळे पावशेराची रोटी हे सुचणं स्वाभाविक आहे. लोकांना एक पाव आधीच माहीत होता, दुसरा आला, त्यांनी ओळखीच्या खुंटीला टांगला.

पाचूबंदर

वसईकडून नोंद. आमच्याकडे गोऱ्या पाद्र्यांच्या काळातली एक गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, गोव्यातही तीच सांगतात. गावाच्या विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्यायले आणि बाटले. पुन्हा जातीत घेईनात, म्हणून झाले किरिस्तांव. इतिहास म्हणून नाही सांगत, गोष्ट म्हणून सांगतोय. पण एका पावाच्या तुकड्याची केवढी दहशत होती ते त्यातून दिसतं. (आणि हो, 'किरिस्तांव' बघा. तळटीप यांच्या 'आँव'वाल्या घराण्यातलाच शब्द, पोर्तुगीज 'क्रिश्ताँव'.)

मुंबईत गोव्याहून आलेल्या ख्रिश्चनांना 'माकापाव' म्हणून चिडवायचे. माका म्हणजे कोंकणीत मला. भाषेची आणि खाण्याची एकदम टिंगल. आज चिडवणाऱ्यांचीच नातवंडं गाडीवर उभी राहून 'भैया, एक एक्स्ट्रा पाव' ओरडतात, ते बघून बरं वाटतं.

जाता जाता, आमच्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिश्चनांच्या) घरांत लग्नाला पावापेक्षा फुग्यांना मान. मैद्याचं आंबवलेलं पीठ हाताच्या मुठीतून गोळे सोडून तळायचं. खाल्ले नसतील तर ओळख काढा.

चिंचपेटी

पाव खाऊन बाटण्यावरून आठवलं, पुण्यात तर नुसत्या चहा-बिस्किटांवरून रामायण झालं होतं ना?

पाढेपंतोजी

पंचहौद मिशन, १८९०. रानडे आणि टिळक दोघंही त्या बैठकीला होते. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. भट्टीतलं काहीही तेव्हा संशयितच. पण हे अवांतर होतंय.

म्हापशेकर

अवांतर नाही, पण मला एका माणसाचं नाव या धाग्यात हवंच आहे. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो. जन्म १८५५, आमच्या बार्देशातलं आसगाव. पाद्री, पण खरं वेड शब्दांचं. आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे गेले याचा त्यांचा मोठा ग्रंथ १९१३ मध्ये आला. त्यात मराठी, कोंकणी, गुजराती, सिंहली, मलाय, जपानी असा सगळा पसारा एकेका शब्दाखाली मांडलाय. आज आपण पाच जण मिळून जे करतोय ते त्यांनी एकट्याने, इंटरनेट नसताना. नाव बघितलंत का त्यांचं? सेबास्तियांव. पुन्हा 'आँव'.

त्या पसाऱ्यातले आपले नेहमीचे : बटाटा, पगार, चावी, फीत, घमेलं, कोबी, पिंप, हापूस. पगार झाला, चावी लावली, हापूस आणला, घमेल्यात ठेवला. अख्खा दिवस पोर्तुगिजात जातो आणि आपल्याला पत्ता नाही.

कंपनी_सरकार

नाव बघून धाग्यात येणं भाग होतं. पावाचा अजून एक नातलग कोणी सांगितलाच नाही. 'कंपनी'!

लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे रोटी. जो आपल्याबरोबर एक रोटी मोडून खातो तो 'कोम्पानियो', सोबती. त्या सोबत्यांचा जथा ती कंपनी. तो फ्रेंचातून इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडे. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी आणि वडापाव यांच्या पोटात एकच शब्द आहे. फरक इतकाच की वडापाव आपण खाल्ला.

ओसाका_मुक्काम

फारच भारी! म्हणजे मिसळीबरोबर पाव मागवून 'कंपनी द्या' म्हटलं तर तीच मागणी दोनदा झाली.

कंपनी_सरकार

थांबा, अजून आहे. इंग्रजांचा स्वतःचा रोटीचा जुना शब्द 'ह्लाफ', आजचा लोफ. घरातल्या रोटीची राखण करणारा तो 'ह्लाफ-वेअर्ड', घासून घासून त्याचा झाला लॉर्ड. आपण त्याचा केला लाट. बायको कोण, तर रोटी मळणारी, 'ह्लाफ-डीये', तिची झाली लेडी. या 'डीये'चा धातू आणि संस्कृत 'देह'चा धातू एकच, लिंपणं-मळणं या अर्थाचा. सगळं_आपलंच यांना ही माझ्याकडून भेट.

तेव्हा घरी कोणी 'मोठे लाटसाहेब लागून गेलात' म्हणालं तर शांतपणे पावाचा डबा ताब्यात घ्यावा.

सगळं_आपलंच

भेट स्वीकारली. देह आपला, म्हणजे लेडीपण आपलीच. मत बदललेलं नाही.

चिंचपेटी

शेवटचा प्रश्न. तिसरा पाव राहिलाच. देव पावला, नवसाला पावला, तो. आणि त्याच्यावरूनच पावणा ना? घरी येऊन पोचतो, म्हणजे पावतो, म्हणून पावणा?

पाढेपंतोजी

तर्क सुंदर, पण नाही. देव पावणं हे 'प्राप्'वरून, प्राकृतात पावइ. पोचणं, मिळणं, प्रसन्न होणं हे सगळे अर्थ त्याचेच. पैसे पोचल्याची पावती तिथलीच. पण पावणा हा मूळ पाहुणा, आणि त्याच्या मागे संस्कृत 'प्राघुण', फिरत फिरत दारात आलेला. आपण बोलताना 'ह' सैल सोडतो, पाव्हणा म्हणतो आणि मग तो पावण्याच्या शेजारी जाऊन बसतो. पाऊससुद्धा वेगळाच, तो 'प्रावृष्'चा.

कांदेनवमी

म्हणजे पाव, पाव, पाव, पावणा आणि पाऊस, पाचही परके एकमेकांना. आणि तरी पावसात पावणा आला की पावकिलो भजी आणि पाव आणायला मलाच पिटाळतात.

म्हापशेकर

भजी कसली, उंडो आण आणि त्यात चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, घाल. तोही पोर्तुगीजच, 'शोरीसु'. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे शाकाहारी मंडळी वाचतायत.